कार्यालयातील संगणकांची नोंदवही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत सांगली, मिरज, कुपवाड आणि सातारा परिसरातील कारखानदार, पतसंस्था व व्यापारी पेढ्यांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य सारखे होते : ‘आमच्याकडे अंदाजे इतके संगणक आहेत.’ ज्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकेका बेअरिंगची आवक-जावक लिहिली जाते, तिथे संगणकांचा आकडा अंदाजाने सांगितला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. बहुतेक उत्तरे म्हणूनच फिरून त्या आकड्याकडे येतात.

प्रश्न (कुपवाड औद्योगिक वसाहत) : फाउंड्री आणि मशिन शॉप मिळून आमच्याकडे अंदाजे चाळीस संगणक आहेत व बहुतेकांवर विंडोज १० आहे. त्याची मुदत संपल्याचे समजले. आमचे हार्डवेअरचे काम पाहणारे गृहस्थ म्हणतात की संगणक जुना असला तरी युक्तीने विंडोज ११ बसवता येते. तसे करावे, की सगळे संगणक नवे घ्यावेत?

उत्तर : यांपैकी काहीही आत्ताच करू नका. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे नियमित सुरक्षा दुरुस्त्या देणे, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ व ऑफिस २०१९ यांचाही थांबला. संगणक त्यामुळे बंद पडले नाहीत आणि खरी अडचण तीच आहे. रोज सकाळी ते पूर्वीसारखेच सुरू होतात, टॅली उघडते, चलने छापली जातात, मात्र त्या तारखेनंतर सापडलेल्या सुरक्षेच्या उणिवा त्यांच्यात तशाच उघड्या राहतात.

आधी मोजणी करा. एखाद्या शनिवारी दुपारी एका माणसाला सोबत घेऊन प्रत्येक खोलीत, गेटवर, वजनकाट्यावर आणि साहेबांच्या घरीसुद्धा जा, आणि प्रत्येक संगणकाचा अनुक्रमांक, प्रोसेसर, रॅम, डिस्कचा प्रकार, विंडोज होम आहे की प्रो, लायसन्सचे बिल आहे की नाही, तो कोण वापरतो, आणि तो आज बंद पडला तर कोणते काम थांबेल, एवढे लिहून काढा. अशाच एका मोजणीत मला वजनकाट्याच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीमागे चालू असलेला एक संगणक सापडला होता. त्याच्या पंख्याच्या जाळीवर बोटभर धूळ साचली होती, मॉनिटर जोडलेला नव्हता आणि तो कुणाच्याही यादीत नव्हता. मॉनिटर लावून पाहिल्यावर दिसले की काट्याचे सॉफ्टवेअर बसवून गेलेल्या माणसाने दुरून दुरुस्ती करण्यासाठी टाकलेला रिमोट प्रोग्राम दोन वर्षांनंतरही सुरूच होता आणि त्याचा पासवर्ड चार आकड्यांचा होता. कारखान्याच्या नेटवर्कचा एक दरवाजा दोन वर्षे सताड उघडा होता आणि तो बंद करण्याची कुणाची जबाबदारीच नव्हती, कारण तो आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते.

यादी झाली की संगणकांचे आपोआप तीन गट पडतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, यूईएफआय या नव्या पद्धतीचे बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर), सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रणाली चालू देण्याची) सोय आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. पहिल्या गटातील संगणक सरळ अद्ययावत होतात. दुसरा गट फसवा असतो, आणि आपल्याकडे असेम्बल करून घेतलेल्या संगणकांमुळे तो मोठा असतो. यांचा प्रोसेसर चालण्याजोगा असतो, पण बायोसमध्ये टीपीएम बंद करून ठेवलेले असते किंवा डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते. इंटेलच्या मदरबोर्डवर टीपीएमचा पर्याय पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम या नावाने दिसतो. तो सुरू करावा, बॅकअप घेऊन डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी, म्हणजे ‘अपात्र’ म्हणून ठरवलेले बरेच संगणक पात्र ठरतात. याच गटासाठी पुरवठादार नव्या खरेदीचे कोटेशन पुढे करतात, म्हणून मी यावर इतके लिहीत आहे.

तिसरा गट खरोखर जुन्यांचा. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा वाढीव सुरक्षा आधार विकत मिळतो. कंपन्यांसाठी पहिल्या वर्षाचा जाहीर दर प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो, जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येतो आणि दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. घरगुती ग्राहकांसाठीची स्वस्त योजना डोमेनला, म्हणजे सर्व संगणकांच्या मध्यवर्ती नियंत्रणाला, जोडलेल्या कार्यालयीन संगणकांना लागू नाही. माझ्या मते हा पैसा फक्त अशाच संगणकावर खर्च करावा, ज्यावरचे सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालत नाही आणि ज्याला पर्याय शोधायला वर्षभर लागेल. बाकीचे टप्प्याटप्प्याने बदला. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप व लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे आणि सर्व्हरचे सहा वर्षे धरले आहे. प्रत्यक्षात आपण ते आठ-दहा वर्षे वापरतो. तेव्हा दरवर्षी यादीतील पाचवा हिस्सा बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात ठेवली, तर एकदम चाळीस संगणकांचा बोजा कधीच पडणार नाही.

युक्तीने बसवलेल्या विंडोज ११ बाबत माझे मत ठाम आहे. तपासणी चुकवून बसवलेल्या अशा प्रतीला पुढची अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरच्या संगणकावर कुणी प्रयोग करावा, पगारपत्रक निघते त्या संगणकावर करू नये. त्याच गृहस्थांनी ‘ॲक्टिव्हेट करून देतो’ असे म्हटले असेल, तर तेही थांबवा. लायसन्स फोडणारे हे प्रोग्राम चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. आपल्याच हाताने पहारा उठवून अनोळखी माणसाला ॲडमिनचे सर्वाधिकार देण्यासारखे ते आहे. शिवाय जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार गुन्हा असून त्यात सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. नवे संगणक घेताना कोटेशनवर ‘विंडोज ११ प्रो’ असे स्पष्ट लिहून घ्या. होम आवृत्ती स्वस्त पडते, पण ती डोमेनला जोडता येत नाही आणि मध्यवर्ती धोरणे तिच्यावर लावता येत नाहीत.

प्रश्न (सातारा, एका वाहन-सुटे भाग कारखान्याच्या प्रशासन विभागातून) : अपडेटमुळे मध्येच काम अडते, एकदा प्रिंटरही चालेनासे झाले. म्हणून आम्ही सर्व संगणकांवरील स्वयंचलित अपडेट बंद करून ठेवली आहेत. हे कितपत योग्य आहे?

उत्तर : आपली तक्रार खरी आहे, उपाय मात्र चुकला आहे. दोन घटना शेजारी ठेवून पाहू. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ओलीस धरले. तो ज्या उणिवेतून शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. मध्ये जवळपास दोन महिने होते, आणि ज्यांनी ते बसवले नाही त्यांच्यावर घाला आला. फटका बसलेल्यांत बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, म्हणजे तेव्हा आधार चालू असलेलेच.

दुसरी घटना १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल एकाच वेळी सर्वत्र पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. प्रत्येक संगणकाजवळ जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल काढावी लागत होती, आणि जिथे डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद होती तिथे आधी ४८ आकडी किल्ली शोधावी लागत होती.

अपडेट न बसवणे धोक्याचे आहे आणि सगळीकडे एकाच क्षणी बसवणेही धोक्याचे आहे. यातून वाट काढायची तर टप्पे पाडावे लागतात. मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे ती मंगळवारी रात्री पोचतात. बुधवारी ती चार संगणकांवर बसवा : लेखा विभागातला एक, स्टोअरमधला एक, डिझाइनचे सॉफ्टवेअर असलेला एक आणि आपला स्वतःचा. या चौघांवर प्रिंटर, टॅली, जीएसटी पोर्टल, ई-वे बिल आणि डीएससी (डिजिटल सही) टोकन चालते का, हे तीन-चार दिवस पाहा. पुढच्या सोमवारी निम्म्यांवर आणि गुरुवारपर्यंत उरलेल्यांवर बसवा. एखाद्या उणिवेचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात असल्याचे जाहीर झाले असेल, तर मात्र हे अंतर एक-दोन दिवसांवर आणावे. वेळेचा त्रास टाळण्यासाठी ‘सक्रिय तास’ सकाळी आठ ते रात्री आठ असे ठेवून रीस्टार्ट जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्री होऊ द्यावे. हे चाळीस ठिकाणी हाताने करणे अशक्य आहे. आपल्याकडे डोमेन सर्व्हर असेल तर त्यावरच्या ग्रुप पॉलिसी या मध्यवर्ती नियमांतून, नसेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये येणाऱ्या इंट्यून या व्यवस्थापन सेवेतून हे टप्पे एकदाच लावून ठेवता येतात. ती योजना ३०० वापरकर्त्यांपर्यंत घेता येते आणि तिच्यात संगणकांसाठीचे डिफेंडरही असते, म्हणजे वेगळ्या अँटिव्हायरसचा खर्च बहुधा वाचतो.

ब्राउझर, पीडीएफ वाचक, फायली उलगडणारे प्रोग्राम, राउटरचे फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले सॉफ्टवेअर) यांचीही अपडेट असतात. त्यातही राउटर आणि फायरवॉल विसरू नका, कारण इंटरनेटच्या बाजूने पहिला धक्का त्यांनाच बसतो.

प्रश्न (सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या व्यवस्थापक) : आमच्या सहा शाखांतील सर्व संगणकांवर कर्मचारी ॲडमिन म्हणूनच लॉगिन करतात आणि सोयीसाठी पासवर्ड सगळीकडे एकच आहे. लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला आहे. कर्मचारी म्हणतात की अधिकार काढले तर काम थांबेल.

उत्तर : आक्षेप रास्त आहे. एका शाखेतील एकाच संगणकाचा पासवर्ड हाती लागला की सहाही शाखांची दारे एकाच किल्लीने उघडतात. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवणारी संस्था ठेवीदारांच्या खात्यांची किल्ली मात्र मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर ठेवते. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या खातेदारालाही वाचता येईल अशी चिठ्ठी मी स्वतः पाहिली आहे.

ॲडमिनच्या अधिकाराने बसलेल्या कर्मचाऱ्याने चुकून एखादी जोडफाइल उघडली, तर त्या फाइलमधला प्रोग्रामही ॲडमिन होतो, अँटिव्हायरस बंद करू शकतो आणि साठवलेले पासवर्ड उचलू शकतो. साध्या अधिकाराने बसलेल्याच्या बाबतीत नुकसान बरेचसे त्याच्या खात्यापुरते मर्यादित राहते.

अधिकार एका दिवसात काढू नका, काम खरोखरच अडते आणि मग संचालक मंडळ चिडून सगळे पूर्ववत करायला लावते. एका शाखेपासून सुरुवात करा. दोन आठवडे प्रत्येक कर्मचाऱ्याला साधे खाते द्या आणि कोणत्या कामाला ॲडमिनचा पासवर्ड मागितला गेला याची वही ठेवा. माझ्या अनुभवात त्या वहीत तीन-चारच कामे निघतात : छापील पासबुकाच्या प्रिंटरचा ड्रायव्हर, डीएससीचे सॉफ्टवेअर, एखादे जुने मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर जे स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहते, आणि सरकारी पोर्टलसाठी लागणारी एखादी जोडणी. जुन्या सॉफ्टवेअरला फक्त त्या एका फोल्डरवर लिहिण्याची परवानगी दिली की ते साध्या खात्यातून चालू लागते. ‘ॲडमिनशिवाय चालतच नाही’ असे पुरवठादार सांगतात तेव्हा दहांपैकी नऊ वेळा त्यांनी हे करून पाहिलेले नसते.

प्रत्येक संगणकाच्या स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड वेगळा असावा. त्यासाठी विंडोजमध्ये लॅप्स नावाची सोय एप्रिल २०२३ पासून अंगभूत आहे. ती प्रत्येक संगणकाला लांबलचक वेगळा पासवर्ड देते, ठरावीक दिवसांनी तो स्वतःच बदलते आणि केवळ अधिकृत व्यक्तीलाच दाखवते. डोमेन किंवा मायक्रोसॉफ्टची एन्ट्रा ही लॉगिन सेवा असेल तर जादा खर्च नाही. नसेल तर पासवर्ड मॅनेजरमध्ये हाताने नोंद करावी. कर्मचाऱ्यांना दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावू नका, त्यातून ‘गणेश@१’ नंतर ‘गणेश@२’ एवढेच निष्पन्न होते. चौदा-पंधरा अक्षरांचा, तीन-चार असंबद्ध शब्दांचा एक पासवर्ड आणि ई-मेलला दुसऱ्या टप्प्याची (मोबाइलवरील कोडसारखी) पडताळणी याने कितीतरी जास्त संरक्षण मिळते.

प्रश्न (सांगली मार्केट यार्ड, हळदीची अडत पेढी) : आमच्या ओळखीच्या एका पेढीचा सर्व डेटा कुलूपबंद होऊन पैशांची मागणी आली. त्यांच्याकडे बाह्य हार्ड डिस्कवर बॅकअप होता, तोही गेला. आम्हीही तसाच बॅकअप घेतो. काय बदलावे? आणि असे झालेच तर पहिल्या तासात काय करावे?

उत्तर : तो बॅकअप का गेला हे मी न पाहताही सांगू शकतो. डिस्क सतत जोडलेली होती. खंडणीखोर प्रोग्राम संगणकाला जे जे दिसते ते सर्व कुलूपबंद करतो : सी ड्राइव्ह, नेटवर्कवर मोकळा ठेवलेला टॅलीचा डेटा फोल्डर आणि सीपीयूच्या मागे वर्षभर लोंबकळणारी ती निळ्या वायरची डिस्कसुद्धा. आजकाल हे लोक आत शिरल्यावर काही दिवस गप्प राहून आधी बॅकअप कुठे आहे हेच शोधतात.

जुना नियम आजही पुरेसा आहे : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. त्यात मी एक भर घालीन, की एक प्रत अशी असावी जिला आपल्या नेटवर्कवरून कुणीही पुसू शकणार नाही. आपल्यासारख्या पेढीसाठी व्यवहार्य मांडणी सांगतो. रोज रात्री एका छोट्या नॅस यंत्रावर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर) बॅकअप जावा, आणि त्या यंत्राचे लॉगिन कोणत्याही कर्मचाऱ्याच्या संगणकावर साठवलेले नसावे. रोजच क्लाउडवर एक प्रत जावी, जिथे ठरावीक दिवस जुन्या आवृत्त्या पुसता येत नाहीत अशी सोय घेतलेली असावी. आणि दर शनिवारी दोन डिस्कपैकी एक जोडून, प्रत घेऊन, काढून दुसऱ्या इमारतीत न्यावी. पुढच्या शनिवारी दुसरी. आपली पेढी खाजगी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप रोज आणि भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारी बदलांची नोंदही लागते.

‘दुसरी जागा’ म्हणजे काय, हे सांगलीकराला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट असताना. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा शहरात पाणी आले. २०१९ चे पाणी ओसरल्यावर मी गावभागातील एका कार्यालयात गेलो होतो. तळमजल्यावरच्या रॅकमधून सर्व्हर बाहेर ओढला, तेव्हा त्याच्या आतून चिखलाचे पाणी फरशीवर सांडले, आणि त्याच रॅकच्या खालच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून, बॅकअपची डिस्क ठेवलेली होती. पिशवीतही पाणी होते. तेव्हा दुसरी डिस्क पूररेषेच्या बाहेर हवी. विश्रामबागेत किंवा मिरजेच्या उंच भागात कुणाकडे असेल तर चालेल, पण पेढीच्याच वरच्या मजल्यावर ठेवलेली डिस्क पुरातून वाचेल, आगीतून व चोरीतून वाचणार नाही. सर्व्हर व यूपीएस जमिनीपासून उंच ठेवा. कोयनेतून विसर्ग वाढला की आपण माल हलवतो, त्या कामांच्या यादीत ‘सर्व्हर व नॅस बंद करून वर नेणे’ हे काम आणि ते करणाऱ्या माणसाचे नाव लिहून ठेवा.

बॅकअप घेतला जातो का, यापेक्षा तो परत येतो का हे महत्त्वाचे. तिमाहीतून एकदा रिकाम्या संगणकावर मागच्या आठवड्याची प्रत उतरवा, टॅलीत एखाद्या शेतकऱ्याचे खाते उघडा आणि शिल्लक वहीशी ताडून पाहा. किती तास लागले तेही लिहा. दोन दिवस लागत असतील तर सौद्याच्या हंगामात तेवढे दिवस कागदावर काम कसे चालवायचे हे आधीच ठरवता येते.

आता पहिला तास. नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा, मुख्य स्विचचीच वीज काढली तरी चालेल, पण बाधित संगणक शक्यतो बंद करू नका. त्याच्या मेमरीत तपासासाठी उपयोगी खुणा असतात. पडद्यावरील संदेशाचा मोबाइलने फोटो घ्या. बॅकअपची डिस्क कोणत्याही संगणकाला जोडू नका, घाईत होणारी सर्वांत महाग चूक हीच असते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे, तसेच संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. बँक खात्यातून रक्कम गेली असेल तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. खंडणी देऊ नये असे माझे मत आहे : पैसे देऊनही डेटा पूर्ण परत येईल याची खात्री नसते, आणि चोरून नेलेली प्रत त्यांच्याकडे राहतेच.

अशा घटनांत शिरकाव कुठून होतो, तेही सांगतो. घरून काम करता यावे म्हणून सर्व्हरचे रिमोट डेस्कटॉप (दुरून सर्व्हर वापरण्याची सोय) राउटरवरून थेट इंटरनेटला उघडे ठेवलेले असते. त्याच्या पोर्टचा, म्हणजे नेटवर्कवरील दाराचा, ३३८९ हा आकडा बदलून काही साधत नाही, शोधणारे प्रोग्राम सर्वच आकडे तपासतात. आज संध्याकाळीच ते बंद करा आणि घरून काम करायचे असेल तर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी असलेल्या व्हीपीएनमधून, म्हणजे कार्यालयापर्यंतच्या सुरक्षित खाजगी मार्गाने, करा.

प्रश्न (मिरज औद्योगिक वसाहत) : आमच्या दोन सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांना जोडलेले संगणक विंडोज एक्सपी व विंडोज ७ वर आहेत. यंत्र बनवणारी कंपनी नवी आवृत्ती देत नाही. हे संगणक बदलता येत नाहीत. मग?

उत्तर : मग बदलू नका, वेगळे करा. यंत्र पंधरा वर्षे चालणार असेल तर त्याचा संगणकही चालवावा लागणार, त्यात गैर काही नाही. त्याला इंटरनेट देऊ नका. स्विचवर वेगळे व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) करून या दोघांना फक्त त्या एका संगणकाशी बोलू द्या, जिथून प्रोग्राम पाठवले जातात. ई-मेल, ब्राउझर, गाण्यांच्या फायली तिथे नकोत. पेन ड्राइव्ह वापरावाच लागत असेल तर त्या यंत्रांसाठी रंग लावून दोन वेगळे ठेवा, ते अद्ययावत संगणकावर तपासूनच लावावेत आणि कर्मचाऱ्याच्या खिशात घरी जाऊ नयेत.

या संगणकांचे खरे मरण विषाणूपेक्षा हार्ड डिस्कच्या म्हातारपणात असते. आजच डिस्कची संपूर्ण प्रतिमा घ्या, तशीच एक डिस्क तयार करून ती एकदा प्रत्यक्ष लावून यंत्र चालवून पाहा आणि लेबल लावून कपाटात ठेवा. परवान्याचा डोंगल (संगणकाला लावायची किल्ली) असेल तर त्याची नोंद यादीत घ्या व पर्यायी डोंगलबद्दल यंत्रनिर्मात्याला लेखी विचारा.

प्रश्न (सांगली, औषध वितरण संस्था) : आमच्या विक्री प्रतिनिधीचा लॅपटॉप पुण्याच्या प्रवासात एसटीत राहिला. त्यात दुकानदारांची माहिती होती. पुढे असे होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : लॅपटॉप हरवणे टळणार नाही, त्यातली माहिती दुसऱ्याला वाचता न येणे मात्र आपल्या हाती आहे. प्रत्येक लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद करा. विंडोजचा पासवर्ड एवढाच पहारा असेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सर्व काही वाचता येते.

पण एक गोष्ट आधी करा, कारण ती मी एकदा केली नव्हती. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या अकरा लॅपटॉपचे बायोस मी अद्ययावत केले. बिटलॉकर तात्पुरते थांबवले नव्हते. सुरू होताना सर्वांनी पुनर्प्राप्तीची किल्ली मागितली, आणि आठांची किल्ली नोंदवलेली होती, तिघांची नव्हती. त्या तिघांवरील डेटा परत आला नाही. तेव्हापासून किल्ली मध्यवर्ती ठिकाणी नोंदली गेल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुलूप लावत नाही, आणि आपणही लावू नये. हे आत्ता सांगण्याला आणखी एक कारण आहे : सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागत आहेत. त्यांच्या जागी नवी बसवताना काही लॅपटॉपचे बायोस अद्ययावत करावे लागेल, म्हणजे तोच प्रसंग पुन्हा येईल.

प्रतिनिधींचे लॅपटॉप इंट्यूनसारख्या व्यवस्थेत नोंदवलेले असतील तर हरवल्याचे कळताच दुरून पुसण्याची आज्ञा देता येते. लॅपटॉप इंटरनेटला जोडला जाईल तेव्हाच ती पोचते, म्हणून आधी त्या व्यक्तीचे ई-मेलचे सर्व लॉगिन तोडून पासवर्ड बदलावा. पोलिसांत नोंद करा, अनुक्रमांक यादीतून मिळेल. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा व नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम यांतील मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तयारीला वेळ आहे, पण फार नाही.

प्रश्न (तासगाव, बेदाणा शीतगृह) : जुने संगणक भंगारात देताना फॉरमॅट करणे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. द्रुत फॉरमॅटने अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर राहतो. फिरत्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण पुनर्लेखन करा, एसएसडीवर निर्मात्याची सुरक्षित पुसण्याची सोय वापरा, आणि बिघडलेली डिस्क असेल तर ती भोके पाडून निकामी करा. ई-कचरा नियम, २०२२ नुसार संगणक नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच द्या आणि पावतीवर अनुक्रमांक घ्या. तोच अनुक्रमांक यादीत ‘निकाली’ म्हणून लाल शाईने लिहा.

प्रश्न (सांगली, एक अभियांत्रिकी कंपनी) : आमची वार्षिक देखभाल एका बाहेरच्या संस्थेकडे आहे. सर्व पासवर्ड त्यांच्याकडेच असतात. करार बदलायचा आहे, पण ते माहिती द्यायला टाळाटाळ करतात.

उत्तर : देखभाल बाहेर द्यावी, मालकी देऊ नये. आपल्या संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील नाव, कुणाच्या नावावर व कुणाच्या ई-मेलवर नोंदले आहे हे सर्वप्रथम पाहा. ते देखभाल करणाऱ्याच्या नावावर असेल तर कंपनीची सगळी ई-मेल त्याच्या हाती आहे. ते कंपनीच्या नावावर येईपर्यंत करार संपवल्याची नोटीस देऊ नका. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलच्या सेवेत कंपनीच्या स्वतःच्या नावाने सर्वोच्च अधिकाराची दोन खाती तयार करा, मग फायरवॉल, राउटर, सर्व्हर, नॅस, बॅकअपची किल्ली आणि सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे लॉगिन एकेक करून मागा. लेखी मागणी करा, तारीख घाला आणि शेवटच्या बिलाची रक्कम हस्तांतर पूर्ण होण्याशी जोडा. सगळे हाती आले की त्याच दिवशी सर्व पासवर्ड बदलून त्यांचे रिमोट प्रोग्राम काढून टाका.

नव्या करारात देखभाल करणाऱ्यांच्या प्रत्येक माणसाला स्वतंत्र खाते द्या, सर्वांना मिळून एक नको. म्हणजे कोण कधी आत आले हे नोंदीत दिसते आणि माणूस बदलला की तेवढेच खाते बंद करता येते. कंपनीकडची दोन सर्वोच्च खाती रोजच्या वापरात नसावीत. त्यांचे पासवर्ड व पडताळणीची साधने सीलबंद लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवा, लिफाफ्यावर दोन संचालकांच्या सह्या घ्या आणि दर एप्रिलमध्ये, नव्या वर्षाच्या वह्या सुरू करताना, तो उघडून ही दोन्ही खाती उघडतात का ते तपासा.